जुन्या एन्कोडरची काच

ही हकीगत मी आजवर पुष्कळदा सांगितली आहे. सातपूरच्या एका कारखान्यात जुन्या मशीनला नवा कंट्रोल बसवताना मी जुनेच एन्कोडर कसे वापरले, हे मी कॉलेजातल्या मुलांना सांगितलं, माझ्या निरोपसमारंभात सांगितलं, जावयालाही सांगितलं. दरवेळी मधला एक भाग गाळला. आधी भीती वाटायची म्हणून, मग लाज वाटायची म्हणून, आणि पुढे पुढे तर गाळलेली हकीगतच तोंडपाठ झाली म्हणून. आता तो गाळलेला भाग लिहितो आहे. ज्यांना तो सांगायला हवा होता, ते आता नाहीत.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी त्या कारखान्यात मेंटेनन्सला होतो, आणि इलेक्ट्रॉनिक्स म्हणून जे काही होतं ते सगळं माझ्या अंगावर होतं. कारखाना फार मोठा नव्हता. दुसऱ्यांच्या मशिनांचे बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, मोठे भाग आमच्याकडे यायचे, त्यांना आम्ही भोकं कोरून, तासून परत पाठवायचो. शेठनी परदेशातून एक वापरलेलं बोरिंग मशीन आणलं होतं. ते सत्तरच्या दशकातलं होतं, भोकं पाडलेली कागदी टेप वाचून चालणारं. टेबलावर जॉब बांधायचा, टेबल हुकमाप्रमाणे सरकायचं आणि फिरणारा बार भोक कोरायचा. मशीनचं लोखंड ठणठणीत होतं. कंट्रोल मात्र गोदरेजच्या कपाटाएवढा, आत कार्डंच कार्डं, आणि पावसाळ्यात त्यातलं एक ना एक कार्ड रुसलेलं. मी दुरुस्त करत राहिलो आणि एका पावसाळ्यात त्याने कायमचा जीव सोडला.

शेठनी बंगलोरहून नवा कंट्रोल मागवला. तो आला तेव्हा द्राक्षांच्या पेटीएवढाही नव्हता. फोरमन म्हणाला, "शेठ, याचा बाकीचा भाग मागच्या ट्रकने येतोय का?"

आता एन्कोडर म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. टेबल सरकवणारा लांब स्क्रू असतो, त्याच्या टोकाला एक गोल डबा बसवलेला असतो. डब्यात काचेची चकती, चकतीवर केसाहून बारीक काळ्या रेघा. एका बाजूला छोटा दिवा, दुसऱ्या बाजूला उजेड ओळखणारा सेल. स्क्रू फिरला की चकती फिरते आणि सेलला उजेड, अंधार, उजेड, अंधार दिसत जातो. कंट्रोल तेवढंच मोजतो आणि त्यावरून टेबल किती सरकलं ते ठरवतो. कंट्रोलला डोळे म्हणून हेच. डब्याने एखादी रेघ मोजायची चुकवली तर कंट्रोलला पत्ताही लागत नाही. तो आपला समजतो की टेबल जागेवर आहे.

मशीनला असे तीन डबे होते. नवा कंट्रोल देणाऱ्यांनी सांगितलं होतं की डबेही नवे घ्या, जुन्यांचा सिग्नल या कंट्रोलला समजणार नाही. शेठनी मला ऑफिसात बोलावलं.

"हे डबे कुठून येणार?"

"बाहेरून. आयातीची परवानगी, कस्टम, सगळं धरून दिवाळी जाईल."

"दिवाळी गेली की ऑर्डर पण गेली. मग काय करायचं म्हणतोस?"

"जुनेच वापरू," मी म्हणालो. "सिग्नल बदलणारं कार्ड मी बनवतो."

शेठनी विचारलं, "होईल?"

"होईल ना."

कुणी मला भरीला घातलं नव्हतं. आणि जुने एन्कोडर वापरायची कल्पना चुकीचीही नव्हती, हे आजही सांगतो. जुन्या डब्यातून लाटेसारखा हळू चढणारा-उतरणारा सिग्नल यायचा. नव्या कंट्रोलला खटक्यासारखा, एकदम चालू एकदम बंद असा हवा होता. मी कार्ड बनवलं, त्याला पत्र्याच्या पेटीत बसवलं, केबलला जाळीचं आवरण घातलं. दोन डबे पहिल्याच दिवशी बिनतक्रार चालले आणि पुढे कित्येक वर्षं चालले.

तिसरा, टेबल आडवं सरकवणाऱ्या स्क्रूचा, त्याचा सिग्नल अशक्त होता. आतला दिवा म्हातारा झाला होता. अशा वेळी डबा बनवणाऱ्याकडे पाठवायचा असतो. त्याच्या स्क्रूंवर लाल लाख लावलेली होती, कुणी उघडू नये म्हणून. मी लाख खरवडली आणि माझ्या टेबलावर डबा उघडला. दिवा बदलला. चकती परत बसवताना ती जराशी कलली. ती सावरायला मी अंगठा पुढे केला आणि तो काचेला लागला.

ठसा मला दिसला. बोट तेलकट असणारच, मेंटेनन्सवाल्याचं बोट होतं ते. पुसावं असं वाटलं, पण पुसताना रेघांना ओरखडा पडला तर सगळंच संपलं. आधी स्कोपवर, सिग्नलची लाट दाखवणाऱ्या पडद्यावर, पाहिलं. सिग्नल पुरेसा दिसत होता. मी डबा बंद केला, नखाला लावायचं लाल पॉलिश बायकोच्या पेटीतून आणलं होतं, ते स्क्रूंवर लावलं. हुबेहूब लाखेसारखं दिसत होतं. घट्टही बसलं होतं. त्या डब्यात पाण्याचा थेंब गेला नसता.

मशीन सुरू झालं. शेठनी पेढे वाटले.

त्या मशीनवर आधीपासून एकच ऑपरेटर होते. इथे मी त्यांना 'ते' म्हणतो आहे. तेव्हा मी त्यांना अरे-तुरे करायचो आणि ते मला साहेब म्हणायचे. वयाने ते माझ्याहून मोठे होते, पण कारखान्यात वय हुद्द्यावरून ठरायचं. लासलगावकडच्या एका खेड्यातून येऊन सातपूरच्या वसाहतीत राहिले होते. साधी भोकं पाडायच्या रेडियल ड्रिलवर सुरुवात करून, धडपडत बोरिंग मशीनवर पोचले होते. बोलायची भारी हौस. मशीनबद्दल बोलायला लागले की थांबायचेच नाहीत. सकाळी आले की आधी त्याच्या अंगावरून फडकं फिरवायचे. "आमची म्हैस," म्हणायचे, "धुतल्याबिगर दूध देत नाय." नव्या कंट्रोलचे आकडे हिरवे उजळले तेव्हा त्यांनी बायकोला रविवारी गेटवर आणून ते लांबून दाखवले होते. शेठनी त्यांना बंगलोरला शिकायला पाठवायचं कबूल केलं होतं. दिवाळीनंतर जायचं होतं. त्यासाठी त्यांनी नवी बॅग घेऊन ठेवली होती आणि ती सगळ्या शॉपला माहीत होती.

दसऱ्याच्या थोडं आधी ते माझ्याकडे आले.

"साहेब, दुपारनंतर टेबल जरासं इकडंतिकडं होतंय."

"किती?"

"लय नाय. पण सकाळी जिथं असतं तिथं दुपारी नसतं."

"मापाचा डायल लावून बघितलंस?"

"लावला. म्हणून तर सांगतो."

"मशीन गरम होतं, लोखंड वाढतं. आणि आता डायल लावत बसू नकोस, मोजायचं काम कंट्रोल करतो. जुनी सवय सोड."

"सोडतो," म्हणाले आणि हसले. "सवयच ती. बायको सुदिक म्हणते."

ते गेल्यावर मला अंगठा आठवला नाही असं म्हणता येणार नाही. आठवला. डबा पुन्हा उघडायचा तर शेठना कारण सांगावं लागलं असतं. मी ते पुढे ढकललं.

मग खंडेनवमी आली. ज्यांनी कारखान्यात काम केलं आहे त्यांना तो दिवस सांगायला नको. दुपारीच मशिनं थांबतात आणि रॉकेल, बनियनच्या चिंध्या, हवेचे पाइप निघतात. वर्षभराचा काळा चिकटा निघून मशिनं ओळखू येत नाहीत. मग झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. ते बौद्ध होते. पूजा करत नव्हते, पण सफाईत त्यांच्या पुढे कुणी जायचं नाही. त्या वर्षीही त्यांनी बोरिंग मशीन रॉकेलने धुतलं, हवा मारून कोपरान्‌कोपरा काढला. फोरमन माळ घेऊन आला.

"भाऊ, या वर्षी नारळ तुम्ही फोडा. मशीन तुमचं."

"सफाई माझी, नारळ तुमचा," ते म्हणाले. "खोबरं दोघांचं."

"आणि शेंडी?"

"ती तुमच्याकडं आधीच हाय."

सगळे हसले, फोरमनही. त्याने नारळ मशीनच्या पायाशी फोडला आणि ते खोबऱ्याचा तुकडा खात बाजूला उभे राहिले.

दसऱ्याची सुटी संपली आणि पहिलाच मोठा जॉब मशीनवर चढला. एका गिअरबॉक्सचं बीडाचं घर, म्हणजे बाहेरचं कवच, दोन माणसांना कवेत येणार नाही एवढं. एकापुढे एक भोकं, सगळी एका रेषेत यायला हवी होती. दुसऱ्या दिवशी तपासणीत कळलं की भोकांची रेषाच चुकली आहे. भरून काढता येण्यासारखं नव्हतं. गिऱ्हाइकाचा माल बाद झाला. ते घर पुढे मागच्या अंगणात चहाच्या टपरीशेजारी पडून राहिलं. माणसं त्यावर बसून चहा प्यायची. मी त्यावर कधी बसलो नाही आणि कुणी का बसत नाही असं विचारलंही नाही.

शेठ, फोरमन, ते आणि मी असे मशीनपाशी उभे होतो. शेठ ओरडणारे नव्हते. त्यांचा आवाज उलट खाली जायचा.

"सेटिंग चुकलं?"

"नाय शेठ. सेटिंग दोनदा बघितलंय," ते म्हणाले. "टेबलच जागेवर नव्हतं."

शेठ माझ्याकडे वळले. मी तिसरा डबा काढला, माझ्या खोलीत नेला, दार लावून उघडला. चकतीवर माझा अंगठा होता. मशीनच्या उष्णतेने डब्यातल्या ग्रीसची बारीक वाफ उठून त्या ठशावर बसली होती आणि रेशनकार्डावर शाईचा अंगठा उठावा तसा तो उठून दिसत होता. गरम झाल्यावर त्या जागी उजेड कमी पडायचा आणि रेघा मोजायच्या राहायच्या. रॉकेलचा वाससुद्धा आत नव्हता.

मी कापसाला स्पिरिट लावून काच पुसली. रेघांना काही झालं नाही. पहिल्याच दिवशी तेवढी हिंमत केली असती तर हे लिहायची वेळ आली नसती.

बाहेर आलो तेव्हा फोरमनने विचारलं, "साहेब, परवा धुताना रॉकेल गेलं असेल का आत? भाऊंनी हवा पण जोरात मारली होती."

हा प्रश्न मी त्याच्या तोंडी घातला नव्हता. त्याने साध्या मनाने विचारला. मला फक्त नाही म्हणायचं होतं.

"शक्य आहे," मी म्हणालो. "काचेवर थर होता. मी पुसला."

थर होता हे खरंच होतं. तेवढं एक वाक्य खरं होतं म्हणून बाकीचं बोलायला सोपं गेलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पण साहेब, मी तर नवमीच्या आधीच सांगितलं होतं तुम्हाला. दुपारचं टेबल..."

शेठ म्हणाले, "काय सांगितलं होतं?"

"ते वेगळं," मी म्हणालो. "ते उष्णतेचं होतं. त्याचा याच्याशी संबंध नाही."

त्यांनी वाद घातला असता तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. त्यांनी घातला नाही. साहेब वेगळं म्हणतात म्हणजे वेगळं असेल, असं त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. थोड्या वेळाने ते स्वतःच म्हणाले, "हवा जरा जास्तच मारली असंल."

आणखी एक गोष्ट लिहिली पाहिजे. रॉकेलने सगळ्यांनीच आपापली मशिनं धुतली होती. फोरमनने फोडलेल्या नारळाचं पाणीही त्याच मशीनवर उडालं होतं. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. दोष त्यांच्यावर फार चटकन बसला, आणि तो तिथे चटकन बसेल हे मला बोलायच्या आधीच कळलं होतं. आम्ही बाकीचे बौद्ध नव्हतो. हे तेव्हा कुणी बोललं नाही आणि बोलायची गरजही पडली नाही.

शेठना त्यांना काढून टाकायचं होतं. शेठ ऑफिसात शिरले तेव्हा मी मागोमाग गेलो.

"काढू नका," मी म्हणालो. "चांगला कामगार आहे. मशीनवरून उतरवा, ड्रिलवर पाठवा. मुद्दाम तर केलं नाही ना."

"तू एवढा कळवळ्याने सांगतोयस म्हणून," शेठ म्हणाले.

ऑफिसची अर्धी भिंत काचेची होती. बाहेर ते टोपी हातात घेऊन उभे होते आणि त्यांना मी हात हलवून बोलताना दिसत होतो.

ते परत रेडियल ड्रिलवर गेले, जिथून त्यांनी सुरुवात केली होती. बंगलोरला दुसरा माणूस गेला. बोरिंग मशीनजवळ पाटी लागली, 'एन्कोडरजवळ रॉकेल वापरू नये', ती मीच रंगवून घेतली. दिवाळीच्या तोंडावर शॉपमध्ये चेष्टा चालायची. कुणी साबण मागितला की दुसरा म्हणायचा, "भाऊंकडे जा, ते मशीनला सुद्धा अभ्यंगस्नान घालतात." ते हसून घ्यायचे. पहिल्यांदा त्यांच्याकडूनही उत्तर यायचं, मग येईनासं झालं. पुढच्या खंडेनवमीला त्यांनी ड्रिल मशीन कोरड्या फडक्याने पुसलं. रॉकेलच्या डब्याला हात लावला नाही. नंतरही कधी लावला नाही.

मशीन मात्र उत्तम चाललं. तोच जुना डबा, तीच काच. शेठ पाहुण्यांना आणून दाखवायचे, "आमच्या साहेबांनी जुन्यावर भागवलं." अंबडच्या दोन कारखान्यांनी मला तेच काम करायला बोलावलं आणि पुढे माझा धंदाच तो झाला. नोकरी सोडून मी जुन्या मशिनांना नवे कंट्रोल बसवत फिरलो. माझं घर त्यातून झालं. प्रत्येक ठिकाणी जुना एन्कोडर वापरायचा की नाही हे ठरवताना मी फार काटेकोर असायचो, आणि डबा कधीही उघडत नसे. माझी शिस्त लोक वाखाणायचे.

त्यांना सांगायचं मनात यायचं. नोकरी सोडताना ड्रिलपर्यंत गेलोही होतो. ते भोक पाडत होते, मशीन थांबवून म्हणाले, "साहेब, जाताय व्हय?" मी म्हणालो, "येत जाईन." नंतर त्र्यंबक रोडवर एकदा सायकलवर दिसले, मी स्कूटर थांबवली नाही.

ते निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी मी त्यांच्या घरी गेलो. ठरवून गेलो. बसमध्ये वाक्यं जुळवली होती. घर छोटं, स्वच्छ होतं. शोकेसच्या वर एक बॅग ठेवलेली होती, तीच की दुसरी ते मी विचारलं नाही. मला पाहून ते उठायला लागले, गुडघे धरले होते म्हणून भिंतीचा आधार घेतला. बायकोला आतून बोलावलं.

"हे बघ कोण आलंय. हेच ते साहेब."

त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि नमस्कार केला. "तुमचं नाव निघतं आमच्याकडं," म्हणाल्या.

"शेठनी काढलंच होतं मला," ते म्हणाले. "चूक तर माझीच. एवढं नाजूक यंत्र, मी आपलं म्हशीवानी धुतलं. पण साहेब आत जाऊन भांडले. काचेतनं दिसत होतं मला. पोरींची शिक्षणं झाली ती त्याच पगारावर. मी पोरींना सांगतो, असा एक माणूस पाठीशी पाहिजे."

"असं काही नाही," मी म्हणालो.

"आता साहेब असंच म्हणणार," ते बायकोला म्हणाले.

पोहे आले, चहा आला. त्यांनी विचारलं की बोरिंग मशीन अजून चालतं का. मी म्हणालो, ऐकलंय की चालतं. ते खूश झाले. मग एकदम आवाज खाली करून म्हणाले, "साहेब, एक इचारू? त्या वक्ताला हवा मारताना पाइप नेमका कुठं लागला आसंल? मी लय आठवतो. त्या डब्याकडं मी पाइप नेल्याचं मला आठवतच नाय."

हीच वेळ होती. त्यांनी दार उघडून दिलं होतं. त्यांच्या बायको समोर बसून माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. खरं सांगितलं तर या घरातून दोन गोष्टी जाणार होत्या, त्यांची चूक आणि त्यांचा पाठीराखा. दुसरी गेली तर यांना वाईट वाटेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण ते कारण नव्हतं. तिथे जो मान मिळत होता तो मला सोडवला नाही.

"जुनं झालं आता," मी म्हणालो. "नका आठवू."

ते मला बसस्टॉपपर्यंत पोचवायला आले. नको म्हटलं तरी आले, हळूहळू, मध्ये दोनदा थांबून. बस आली तेव्हा मी म्हणालो, "गुडघ्यांना तेल लावत जा." त्यांनी हात वर केला. त्यानंतर आमची भेट झाली नाही. ते गेल्याचं मला उशिरा कळलं.

बसमध्ये जुळवलेली वाक्यं अजून पाठ आहेत. ती अशी होती: भाऊ, तुमचा पाइप त्या डब्याला लागलाच नव्हता. आत रॉकेल गेलं नव्हतं. काचेवर अंगठा होता, तो माझा. तुम्ही मला नवमीच्या आधी सांगितलं होतं आणि तुम्ही बरोबर सांगितलं होतं. शेठसमोर मी खोटं बोललो. तुमचं मशीन तुमच्याकडून मी काढून घेतलं. मला माफ करा.